दुसऱ्याच्या हातून

वाचन : योहान १३:१-१५, योहान १७:२०-२३, प्रेषितांची कृत्ये ९:१०-१९

हे मनन घाईने वाचून संपवायचं नाही. रविवारी सकाळी, चर्चला निघण्याआधी, अर्धा तास यासाठी ठेवा. वर दिलेले तिन्ही उतारे आधी सावकाश वाचा. मोठ्याने वाचलेत तर अधिक बरं. मजकुरात जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा. उत्तर लगेच सुचलं नाही तर प्रश्न तसाच जवळ ठेवा आणि पुढे या.

विषय जुना आहे. अँग्लिकन आणि मेथडिस्ट मंडळ्यांनी एका मेजाभोवती यावं का, एकीच्या पाळकाने दुसरीत प्रभुभोजन द्यावं का, यावर पिढ्यानपिढ्या ठराव, मसुदे आणि अहवाल लिहिले गेले. आज ते कागद बाजूला ठेवू. आज हातांकडे पाहू.

पेत्राचे पाय

दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवा. त्यांच्याकडे पाहा.

या हातांनी प्रभुभोजनाची भाकर आजवर कोणाकोणाच्या हातून घेतली? त्यातले काही पाळक आज हयात नसतील. काहींची नावंही आठवणार नाहीत. तुमच्या बाप्तिस्म्याचं पाणी ज्यांनी घातलं, त्यांचा चेहरा कदाचित घरातल्या जुन्या फोटोवरूनच तुम्हाला माहीत असेल.

थोडं थांबा. त्यांतला एक चेहरा डोळ्यांपुढे आणा आणि त्या माणसाबद्दल देवाचे आभार माना.

आता योहानाचा तेरावा अध्याय. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्राची पाळी येते आणि पेत्र पाय मागे घेतो. त्यालाच पाणी आणायला सांगितलं असतं तर तो सगळ्यांच्या आधी उठला असता. प्राण देण्याची भाषा तो याच अध्यायाच्या शेवटी करतो. सेवा करायला तो कधीही तयार आहे. करून घेणं त्याला जड जातं.

आपल्या मंडळ्यांचा स्वभावही पेत्रासारखाच आहे. दुसऱ्या मंडळीच्या घरी दुःख झालं तर आपण धावतो. कृष्णेला पूर आला की धान्य, कपडे, औषधं घेऊन निघताना कोणी कोणाची मंडळी विचारत नाही. पण त्यांचा पाळक आपल्या मेजापाशी उभा राहिला आणि त्याच्या हातून भाकर घ्यायची वेळ आली, की आपण पाय मागे घेतो. त्याची दीक्षा कोणी केली, त्याच्या डोक्यावर बिशपचा हात होता का, त्याला मंडळीच्या वडिलांनी निवडलं का, हे प्रश्न तेव्हाच आठवतात.

इथे थांबा. दुसऱ्याला देताना मोकळा असणारा तुमचा हात, दुसऱ्याकडून घेताना कधी आखडला, ते आठवा.

ब्रिस्टल, १७८४

अँग्लिकन आणि मेथडिस्ट हा दुरावा एका घरातला आहे. जॉन वेस्ली हे चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाळक होते, आणि १७९१ मध्ये मरेपर्यंत त्यांनी स्वतःला तेच मानलं. वेगळी मंडळी काढावी असा त्यांचा बेत नव्हता. आपल्याच मंडळीत प्राण यावा म्हणून ते घोड्यावरून गावोगाव फिरले, खाणकामगारांना उघड्यावर उपदेश केला, लोकांना लहान लहान गटांत बांधलं.

मग अमेरिका स्वतंत्र झाली. तिथले कितीतरी अँग्लिकन पाळक युद्धाच्या काळात इंग्लंडला परतले होते. वेस्लींच्या प्रेरणेने विश्वासात आलेली हजारो माणसं प्रभुभोजनावाचून, मुलांच्या बाप्तिस्म्यावाचून राहिली. लंडनच्या बिशपकडे दीक्षेची विनंती करून उपयोग झाला नाही. सप्टेंबर १७८४ मध्ये, ब्रिस्टल शहरात, ८१ वर्षांच्या वेस्लींनी स्वतःच दोघा उपदेशकांच्या डोक्यावर हात ठेवले, आणि थॉमस कोक यांना अमेरिकेतल्या कामाचे अधीक्षक नेमलं. वेस्ली बिशप नव्हते. अँग्लिकन रीतीप्रमाणे हा अधिकार त्यांचा नव्हता.

धाकटे बंधू चार्ल्स वेस्ली यांना हे मुळीच पटलं नाही. मेथडिस्टांची सर्वात गोड गीतं लिहिणारा हा माणूस शेवटपर्यंत अँग्लिकन राहिला. हा हात म्हणजे फुटीची सुरुवात आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता थोरल्या भावाच्या जागी बसून पाहा. लोक भुकेले आहेत, भाकर वाढणारा कोणी नाही, आणि ज्याने पाठवायचा तो पाठवत नाही. मग धाकट्याच्या जागी बसा. प्रेषितांच्या काळापासून चालत आला असं मंडळी मानते तो क्रम एकाने स्वतःच्या मताने मोडला, तर उद्या दुसऱ्याला कोण अडवणार? दोघांचंही म्हणणं मनाला भिडेपर्यंत या जागेवरून हलू नका. ज्या भांडणात एकच बाजू खरी असते ते मिटवायला न्यायाधीश पुरतो. दोन्ही बाजूंना प्रभूचीच काळजी असते, तिथे निकाल लावून भागत नाही.

वाट्याला आलेलं नाव

आता आपल्या मुलखाकडे या. साताऱ्यात आणि वाईत काम होतं अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेचं. तिथे मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते, बिशप नाही. सांगली-मिरजेत आले प्रेस्बिटेरियन. तिथे निवडलेल्या वडिलांच्या सभेचा अधिकार मोठा. डॉ. विल्यम वान्लेस १८८९ मध्ये आधी सांगलीला आले आणि नंतर मिरजेला गेले. त्यांचं रुग्णालय १८९४ मध्ये उभं राहिलं. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वस्तीला वान्लेसवाडी म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. वर महाबळेश्वर-पाचगणीला उन्हाळ्यात येणाऱ्या साहेबांसाठी अँग्लिकन चर्च होतीच. मेथडिस्टांचं मराठी काम मुंबई, पुणे अशा शहरांच्या आसपास अधिक वाढलं.

मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते, एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून. त्यामुळे वाईच्या कुटुंबाला एक नाव मिळालं आणि मिरजेच्या कुटुंबाला दुसरं. आपल्या आजोबा-पणजोबांनी बिशप असावा की नसावा यावर विचार करून मत दिलं नव्हतं. त्यांनी ख्रिस्ताला हो म्हटलं होतं; पुढचं नाव गावावरून ठरलं.

त्या रेषाही वाटतात तितक्या पक्क्या नव्हत्या. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आले ते अमेरिकन बोर्डाच्या, म्हणजे अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्याच संस्थेच्या वतीने. १८७० मध्ये तेच काम प्रेस्बिटेरियनांकडे गेलं. जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईत उतरले ते अमेरिकन मराठी मिशनचे म्हणून. त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि गरिबांच्या वस्तीत राहू लागले. मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर यांच्या सभा मुंबईत सुरू झाल्यावर ते मेथडिस्टांना जाऊन मिळाले. मुंबईतलं बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्यांच्या नावाचं आहे. म्हणजे साताऱ्याला माणसं पाठवणाऱ्या मिशनचाच एक माणूस मुंबईच्या मेथडिस्टांचा आधार झाला.

१९२४ मध्ये इथले काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आले. सातारा आणि सांगली तेव्हाच एका मंडळीत आले होते.

थांबा आणि स्वतःला विचारा : मी ज्या नावासाठी वाद घालतो, ते मी निवडलं की मला मिळालं? मिळालं असेल तर त्याबद्दल कृतज्ञ राहता येईल. त्याचा गर्व करता येईल का?

गाणं आधी एक झालं

कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यात राहायला आले. त्यांनी मिशनची नोकरी सोडली होती, संन्यास घेतला होता. इथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले यावेत, न घेतलेलेही यावेत. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या साऱ्यांचं ते एक घर असावं, अशी त्यांची कल्पना होती. मंडळ्यांच्या कुंपणांत ती बसण्यासारखी नव्हती. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले आणि दरबार फार वाढला नाही.

त्याच मे महिन्याच्या १ आणि २ तारखेला, दक्षिणेत तरंगमबाडीला, ३३ पाळक आणि पुढारी जमले होते. त्यांतले जवळजवळ सगळे भारतीय. अँग्लिकनांचे पहिले भारतीय बिशप व्ही. एस. अझरय्या त्यांत होते. भारतात सुवार्ता सांगणाऱ्यांनी परदेशातून आलेल्या फुटी जपत बसू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्यातून पुढे २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. अँग्लिकन आणि मेथडिस्ट तिथे एका मंडळीत आले.

टिळकांचा दरबार थांबला तरी त्यांची गीतं थांबली नाहीत. आपलं गीतांचं पुस्तक 'उपासना संगीत' उघडा. टिळक आहेत, अहमदनगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे आहेत. नाताळात चार्ल्स वेस्लींचं एखादं गीतही हमखास म्हटलं जातं. म्हणताना कोणी विचारत नाही की लिहिणारा अँग्लिकन, मेथडिस्ट की काँग्रिगेशनल. अभंगाच्या चालीवर टाळ वाजू लागले की सगळ्यांचे ओठ हलतात.

तुमच्या सर्वात आवडत्या ख्रिस्ती गीताचं मनात एक कडवं म्हणा. ते कोणाच्या हातून तुमच्यापर्यंत आलं, याचा विचार करा. गाणं घेताना हात आखडला नाही. मग भाकर घेताना का आखडतो?

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

कृष्णा वाईवरून साताऱ्याजवळ येते तेव्हा माहुलीला तिला वेण्णा मिळते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. मंडळ्यांच्या ऐक्याविषयी बोलताना संगमाची उपमा चटकन तोंडी येते. पण नद्या उताराने आपोआप येऊन मिळतात. मंडळ्यांना असा उतार नसतो. प्रत्येकीला आपल्या जागेवरून उठून, ठरवून, खाली वाकावं लागतं.

उत्तर भारतातली बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि पूर्ण व्हायला चार दशकं लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एक झाल्या : अँग्लिकन, आपली युनायटेड चर्च, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन, आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट. नवी मंडळी झाली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपल्या तोंडची सी.एन.आय. तिच्यात लहान बाळांचा बाप्तिस्मा चालतो आणि समज आल्यावर घेतलेलाही. बिशप आहे, पाळक आहे, मंडळीने निवडलेली माणसंही आहेत. आज ही एकच मंडळी जागतिक अँग्लिकन परिवाराचीही सभासद आहे आणि वर्ल्ड मेथडिस्ट कौन्सिलचीही.

पण पाळकांचं काय करायचं, हा प्रश्न होता. दक्षिणेत १९४७ साली सगळ्या मंडळ्यांच्या पाळकांना आहेत तसे मानलं गेलं. पुढच्या दीक्षा मात्र बिशपच्या हातून. नागपूरला वेगळी वाट धरली. वेगवेगळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. बिशप त्यातून सुटले नाहीत. ज्याचा हात दुसऱ्याच्या डोक्यावर होता, त्याचंही डोकं दुसऱ्याच्या हाताखाली आलं. पुढे धर्मप्रांतांतही असाच विधी झाला.

या विधीत नेमकं काय मिळालं? ज्यांच्या डोक्यावर कधी बिशपचा हात नव्हता, त्यांची ही नवी दीक्षा होती का? की ते आधीच पुरेसे पाळक होते, आणि हे एकमेकांना दिलेलं आलिंगन होतं? विधीने याचं उत्तर दिलं नाही. प्रत्येकाला ज्याची गरज आहे ते देवाने द्यावं, अशा अर्थाची प्रार्थना केली, आणि कोणाकडे काय कमी होतं हे ठरवायचं देवावर सोडलं.

काहींना ही पळवाट वाटली. इंग्लंडमध्ये अशाच प्रकारची योजना याच प्रश्नावर अडली. हा हात म्हणजे पुन्हा दीक्षा की काय, ते आधी स्पष्ट करा, असा आग्रह झाला. मेथडिस्ट तयार होते, पण १९७२ मध्ये अँग्लिकन महासभेत योजनेला हवं तेवढं बहुमत मिळालं नाही. पुढे १ नोव्हेंबर २००३ रोजी लंडनमध्ये दोन्ही मंडळ्यांनी सोबत चालण्याचा करार केला. पाळकांची पूर्ण देवाणघेवाण तिथे अजूनही व्हायची आहे. ज्या घरात फूट पडली तिथे जे जमलं नाही, ते नागपुरात झालं होतं.

इथे जास्त वेळ थांबा. डोळे मिटा. तुम्ही त्या कॅथीड्रलमध्ये आहात. तुम्ही तीस वर्षं पाळक आहात. शेकडो बाप्तिस्मे दिलेत, लग्नं लावलीत, माणसं पुरलीत. आणि आता समोरच्या मंडळीचा, तुमच्याहून कमी शिकलेला एक पाळक तुमच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे येतो आहे. मला काही कमी आहे का, हा प्रश्न मनात उठू द्या. तो दाबू नका. मग मान खाली घाला.

जे आले नाहीत

नागपूरच्या त्या दिवसाची आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात मेथडिस्ट म्हटलं की जी मंडळी डोळ्यांपुढे येते, ती अमेरिकन परंपरेची. शेवटपर्यंत बोलणी करूनही ऑगस्ट १९७० मध्ये तिने ऐक्यात न येण्याचा निर्णय घेतला. १९८१ पासून ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईत सी.एन.आय. आणि मेथडिस्ट चर्च आजही वेगवेगळी उपासना करतात. जे आत आले त्यांच्यातही सगळं सुरळीत झालं नाही. गुजरातेत ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

हे लपवायचं कारण नाही. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू ऐक्यासाठी पित्याजवळ मागतो. शिष्यांनी आपसांत ठरवून टाकावं असं तो म्हणत नाही. जे मागितलं आहे, ते अजून पूर्ण मिळालेलं नाही. जे आले नाहीत त्यांच्यावर रागावण्याआधी हेही पाहा : त्यांना मान खाली घालायला सांगताना, आपण खरंच आधी घातली होती का?

तुमच्या ओळखीच्या, दुसऱ्या मंडळीतल्या एका कुटुंबाला आठवा. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. ते आपल्यात यावेत म्हणून करू नका. त्यांची मंडळी बळकट व्हावी म्हणून करा.

हनन्याचा हात

शेवटचा उतारा. शौल दिमिष्कात आंधळा होऊन बसला आहे. जी माणसं पकडायला तो निघाला होता, त्यांतल्याच एकाला, हनन्याला, प्रभू त्याच्याकडे पाठवतो. हनन्या घाबरतो, तक्रार करतो, आणि तरी जातो. शौलाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याला भाऊ म्हणतो.

प्रभूने शौलाला वाटेवर स्वतः दर्शन दिलं होतं. दृष्टीही तिथेच देता आली असती. ती ठेवून दिली हनन्याच्या हातात, म्हणजे शौलाच्या दृष्टीने सर्वात अवघड माणसाच्या हातात. त्याच्याकडून घेतल्याशिवाय शौलाला पुढे जाता येणार नव्हतं.

आपल्याला हवी असलेली एखादी कृपा प्रभूने दुसऱ्या मंडळीच्या हातात ठेवली असेल का? मेथडिस्टांची गटागटाने एकमेकांना जपण्याची शिस्त, अँग्लिकनांची पिढ्यांना जोडणारी प्रार्थनेची रीत, प्रेस्बिटेरियन वडिलांची जबाबदारी, काँग्रिगेशनल मंडळीचं स्वातंत्र्य. यांतलं तुमच्यात काय कमी आहे ते प्रामाणिकपणे पाहा. मग ते कोणाकडे आहे ते पाहा.

आता साध्या शब्दांत प्रार्थना करा : प्रभो, माझ्यात जे कमी आहे ते तुला ठाऊक आहे. ते तू ज्याच्या हातून देशील त्याच्या हातून मी घेईन. मला घ्यायला शिकव. आमेन.

या महिन्यात

मनन इथे संपतं, पण ते डोक्यातच राहिलं तर उपयोग नाही. या महिन्यातला एक रविवार काढा आणि दुसऱ्या परंपरेच्या चर्चमध्ये उपासनेला जा. कोणी गुडघे टेकून एका प्याल्यातून घेतात, कोणी जागेवर बसून छोट्या पेल्यांतून. कुठे वाइन असते, कुठे तासगावसारख्या मुलखात सहज मिळणारा द्राक्षरस. त्यांची रीत असेल तसं बसा. परीक्षक म्हणून जाऊ नका. बाहेर आल्यावर तिथल्या पाळकांना भेटा आणि तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा. तुमच्या मंडळीच्या सभेत तुम्हाला बोलता येत असेल, तर वर्षातून एकदा तरी शेजारच्या मंडळीच्या पाळकांना उपदेशाला बोलवायचा ठराव मांडा. आणि ते आले, की पहिल्या रांगेत बसा.